संपूर्ण जबाबदारी माझी राहील

हा लेख मागताना संपादकांनी सोबत एक छापील कागद पाठवला. लेखातील मते, घटना आणि व्यक्ती यांची संपूर्ण जबाबदारी लेखिकेची राहील. संपादक, प्रकाशक, मुद्रक आणि अंकाचे हितचिंतक यांचा त्याच्याशी काहीही संबंध असणार नाही. खाली सहीची जागा. मी तो कागद दोनदा वाचला. राग आला नाही. धंद्याच्या नजरेने वाचला. ‘हितचिंतक’ उगाच घातलेत आणि ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे मुख्य शब्द राहून गेलेत. माझ्याकडे आला असता तर मी तो असा बांधून दिला असता, की अंक उशिरा निघाला तरी दोष माझ्यावर आला असता. सही करून परत पाठवला.

सात वर्षं मी हेच काम केलं. नारायणगावात एसटी स्टँडजवळच्या गल्लीत दिलीपभाऊंचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वारूळवाडीहून सकाळी चालत यायचं, शटर वर करायचं, प्रिंटर गरम होईपर्यंत चहा घ्यायचा आणि मग दिवसभर दुसऱ्यांच्या वतीने लिहायचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, दाखल्यांचे फॉर्म. पण दुकान चालायचं हमीपत्रांवर.

ज्यांना आयुष्यात कधी हमीपत्र लिहून द्यावं लागलं नाही, अशा भाग्यवंतांसाठी सांगते. एखादी संस्था तुमच्यासाठी काहीतरी करायला निघालेली असते. शाळा शिकवायला, दवाखाना बरं करायला, कारखाना काम द्यायला. ते करण्याआधी ती तुमच्याकडून लिहून घेते, की ते नीट झालं नाही तर चूक तुमची. हा हमीपत्राचा आत्मा. शरीर ठरलेलं असतं. ‘मी खाली सही करणार’ असं सुरू होतं, मध्ये ‘मला पूर्ण कल्पना आहे’ असं किमान दोनदा येतं आणि शेवटी ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’. ज्याच्यावर खरंच दबाव नाही, असा एकही माणूस मी सात वर्षांत हमीपत्र लिहून द्यायला आलेला पाहिला नाही.

उसाच्या पट्ट्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक एकदा आले. मुलांच्या वाटेवर दोनदा बिबट्या दिसला होता. वाटेकडेचा ऊस मागे घ्यायला सांगणं, दिवे लावणं, सकाळच्या वेळेला एखादी गाडी ठेवणं, असे बरेच उपाय होते. सगळ्यात सोपा उपाय आमच्या दुकानात होता. ‘सदर रस्त्यावर बिबट्याचा वावर असल्याची मला पूर्ण कल्पना असून, पाल्यास शाळेत पाठवण्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ दीडशे प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी एक पालक तो कागद घेऊन थेट दुकानात आला.

“बाई, हे तुमीच लिवलंय न्हवं?”

“टाइप मी केलंय.”

“ह्यात बिबट्याचं नाव हाय. मग त्याची सही कुठं घ्यायची?”

दुकानात सगळे हसले. मीही हसले. तो हसला नाही. त्याने तिथेच माझ्या पेनाने सही केली, कारण सही नसेल तर मुलाला वर्गात बसू देणार नव्हते.

एका दवाखान्याचा भरतीचा फॉर्म मी केला होता. त्यात डॉक्टर जबाबदार नव्हते, नर्स नव्हत्या, रुग्णालय नव्हतं, भूल देणारे बाहेरून येत म्हणून तेही नव्हते. एका म्हातारीने मुलाकडून तो वाचून घेतला आणि विचारलं, “मंग हायती कोन? खाटा?” एक वकील तर पक्षकाराकडून लिहून घ्यायचे, की तारखेला वकील गैरहजर राहिल्यास पक्षकार जबाबदार. हे मी रचून सांगत नाहीये. त्या कागदाची भाषा मीच नीट करून दिली होती आणि त्यांनी मला शाबासकी दिली होती.

हो, मला माझ्या भाषेचा अभिमान होता. त्याचं कारण आप्पा. माझे वडील मंचरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं यांवर मालकाचं भागायचं, पण शेतमजुरांची, कारखान्यातल्या कामगारांची, संपाची पत्रकंही तिथेच छापली जायची, आणि वाया गेलेली प्रत आप्पा घरी आणायचे. आमच्या घरी तारेला टोचलेला पत्रकांचा गठ्ठा होता. इतर मुलं अंकलिपीवर वाचायला शिकली, मी ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’वर शिकले. आठ वर्षांची असताना मला ती पत्रकं पाठ होती. त्यातल्या एका गुलाबी पत्रकात साध्या शब्दांत सांगितलं होतं, की कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क कामगाराला लिहून सोडून देता येत नाही. मालकाने असा कागद करून घेतला तरी कायद्यात तो रद्दी. मला तेव्हा ‘रद्दी’ हा शब्द फार आवडला होता.

बावीस वर्षांची झाले आणि तोच कागद मी स्वतः सुबक अक्षरात टाइप करून देऊ लागले. पत्रकं पाठ असणं आणि पत्रकं कळणं यात किती अंतर असतं, ते मी माझ्यावरून सांगू शकते.

आता मुख्य गोष्ट.

नारायणगावच्या बाजूला टोमॅटो आणि भाज्या धुऊन, निवडून, खोक्यात भरून बाहेर पाठवणारी काही पॅकहाऊसेस आहेत. त्यातलं एक आमचं मोठं गिऱ्हाईक होतं. नाव लिहीत नाही. संपादकांना सही दिली आहे ना. तिथे बायका ठेकेदारामार्फत यायच्या. हंगाम सुरू झाला की पॅकहाऊसचा टेम्पो नव्या आलेल्या वीस-पंचवीस बायका थेट आमच्या गल्लीत आणून सोडायचा. एकेकीने काउंटरशी यायचं, हमीपत्राच्या शेवटच्या पानावर सही किंवा अंगठा करायचा, टेम्पोत बसायचं. साक्षीदार म्हणून मी आणि दिलीपभाऊ सही करायचो. कधीकधी आम्ही आमच्या सह्या आदल्या दिवशीच करून ठेवायचो.

हे हमीपत्र कसं तयार झालं, ते सांगायला हवं. तीन हंगामांआधी पॅकहाऊसच्या मॅनेजरनी मोबाइलवर चार मुद्दे पाठवले. पहिला, मी सदर पॅकहाऊसमध्ये ठेकेदारामार्फत ग्रेडिंग मशीनवर काम करत आहे. दुसरा, मोबाइल वापरणार नाही. तिसरा, सांगतील तेव्हा काम सोडीन. चौथा, कायम करण्याची मागणी करणार नाही. आणि खाली लिहिलं होतं, ‘इजेचं तुमच्याकडे असतं तसं घाला.’

आमच्याकडे असतं तसं म्हणजे काय, तर एका हायस्कूलच्या सहलीचं. मुलांना खोडदची मोठी दुर्बीण दाखवायला नेणार होते, त्याचं हमीपत्र मी केलं होतं, आणि त्यातला इजेचा मुद्दा फारच पक्का उतरला होता. दुकानात रांग होती. मी तो उचलला आणि पाचवा मुद्दा म्हणून चिकटवला. शब्द नंतर बदलू, असं मनात म्हटलं. नंतर आलंच नाही. तो मुद्दा दुसऱ्या पानावर, सहीच्या बरोबर वर जाऊन बसला. सगळे ते पान उघडायचे, सही करायचे, मिटायचे. तीन हंगाम. मॅनेजरने वाचलं नाही, ठेकेदाराने वाचलं नाही, पॅकहाऊसच्या वकिलाने फायलीला लावलं पण वाचलं नाही. मी लिहिलेलं मीही वाचलं नाही.

वाचायला मागितलं होतं एकीनेच. पिंपरी पेंढारच्या हौसाबाई. पन्नाशीच्या आतबाहेर, धनगराघरच्या. नवरा आणि दीर अजून मेंढरं राखतात. रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा मी शाईचा पॅड पुढे केला, तर त्यांनी तो मागे सारला.

“मला सही येती. प्रौढांच्या वर्गात शिकलेय.” मग कागदाकडे बघून, “काय लिवलंय ह्यात? वाचून दाव की पोरी.”

“नेहमीचंच आहे मावशी. मागं रांग आहे.”

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पेन घेतलं. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली, की सदर मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला.

दोन हंगामांनी त्या परत दुकानात आल्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. सोबत शेजारची बाई, तिच्या हातात कागदांची पिशवी.

“पोरी, वळखलं का?”

मी ओळखलं. सही आठवत होती.

“हे दवाखान्याचं. ह्यात माझा हात कुठं गेला ते लिवलंय का, तेवढं बघ.”

झालं असं होतं. ग्रेडिंग मशीनच्या रोलरवर जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. टोमॅटो जाळीत अडकून पट्टा थांबतो, म्हणून हंगामात ती काढून ठेवायची तिथली रीत होती. सगळ्यांना ठाऊक, कोणी लिहून दिलेलं नाही. हौसाबाईंची तीन बोटं रोलरमध्ये गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. सुपरवायझरने पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी जागेवर बसवली.

केसपेपरवर लिहिलं होतं, घरी कडबाकुट्टीत हात सापडून इजा.

मी वाचून दाखवलं. हौसाबाई शेजारणीकडे वळल्या.

“ऐकलंस का गं? आमच्यात कडबाकुट्टी हाय म्हनं.” आणि मला, “पोरी, आमची मेंढरं हायती. ती रानात जाऊन खात्यात. त्यांना कुट्टी करून घालनारा धनगर तू कुठं बघितलास?”

सुपरवायझर गाईगुरांच्या घरचा, तिथे चारा कापायचं यंत्र असतंच. त्यांच्याकडे कोणाचाही हात गेला तर कडबाकुट्टीतच जातो. खोटं बोलताना त्याला स्वतःचा गोठा आठवला, ज्या बाईबद्दल बोलतोय तिचं घर आठवलं नाही. ती दोन हंगाम त्याच्या हाताखाली होती.

“कामगार खात्याकडे अर्ज करू,” मी म्हटलं. “भरपाई मिळेल.”

“मिळंल न मिळंल. माझी बोटं घरी गेली न्हाईत. कामावर गेली. तेवढं कागदावर पायजे.” त्या बँडेजकडे बघत होत्या. “उद्या नातवंडं म्हनतील, आजीनं कुट्टी करताना सोताची बोटं घातली. येडी व्हती का म्हनतील.”

मग आम्ही फिरलो. दुपारच्या सुट्टीत मी, हौसाबाई आणि ती शेजारीण.

दवाखान्याच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “नातेवाईक सांगतात तेच आम्ही लिहितो.”

“सुपरवायझर यांचा नातेवाईक?”

“सोबत येतो तो नातेवाईक. आमच्याकडे दुसरा रकाना नाही.”

“पेशंटला विचारलं असतं तर? बाई शुद्धीवर होत्या.”

“ताई, तुम्ही वकील आहात का?”

ठेकेदार चहाच्या टपरीवर भेटला. फार गोड माणूस. “मावशी, तुमच्यासाठी लई वाईट वाटलं, खरं सांगतो. पन मशीन त्यांचं. मशीननं केलं तर मशीनवाल्याला इचारायला पायजे.” मशीनवाले, म्हणजे पॅकहाऊसचे मॅनेजर, म्हणाले, “मशीन आमचं आहे, पण बाई ठेकेदाराची आहे. आमच्या हजेरीत यांचं नावच नाही, बघा हवं तर.” हजेरी दाखवली. त्यात कोणत्याच बाईचं नाव नव्हतं. ते पॅकहाऊस, हजेरीप्रमाणे पाहिलं तर, बायकांशिवाय चालत होतं. पोलीस चौकीत सांगितलं, की दवाखान्याकडून आम्हाला काही कळवलेलं नाही, त्यामुळे आमच्या लेखी घटना घडलेली नाही.

बाई एकाची, मशीन दुसऱ्याचं, कागद तिसऱ्याचा. आणि बोटं कोणाचीच नाहीत.

परत येताना हौसाबाई म्हणाल्या, “सगळी मानसं चांगली हायती. एक बी वाईट बोललं न्हाई.” त्या चिडून नाही, नवलाने म्हणत होत्या. मला मात्र तेव्हापासून या चांगल्या बोलण्याची शिसारी बसली आहे. या माणसांना कोणी क्रूर म्हणणार नाही. त्यांनी फक्त आपापला रकाना सांभाळला. माझा रकाना साक्षीदाराचा होता आणि तोही मी तसाच सांभाळला होता.

अर्ज मी टाइप केला. काढून ठेवलेली जाळीही त्यात लिहिली. कामगार खात्याचे अधिकारी जुन्नरला विश्रामगृहात दोन दिवस बसणार होते, तिथे सुनावणी लागली. एका बाजूला मॅनेजर, वकील आणि ठेकेदार. दुसऱ्या बाजूला हौसाबाई, शेजारीण आणि अर्ज लिहिणारी म्हणून मी.

वकील आधी म्हणाले, की ही बाई त्यांच्या पक्षकाराकडे कधी कामाला नव्हती. हजेरी दिली. दवाखान्याचा कागद दिला, कडबाकुट्टी. तिथे थांबले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण जबाबदारी झटकायची सवय अशी असते, की एकदा झटकून समाधान होत नाही. त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला.

“आणि साहेब, समजा होती कामाला, तरी इजेची संपूर्ण जबाबदारी बाईंनी स्वतः लेखी घेतलेली आहे. दोन साक्षीदारांसमक्ष.”

साहेबांनी कागद उलटला आणि सहीच्या वरचा मुद्दा मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘खोडद येथील दुर्बीण पाहण्यासाठी आयोजित सहलीदरम्यान माझ्या पाल्याने शिक्षकांच्या सूचनांचे पालन न केल्याने त्यास इजा झाल्यास...’” ते थांबले. पुन्हा मनात वाचलं. मग चष्म्यावरून पाहिलं. “बाई, तुम्ही सहलीला गेला होता?”

“दुर्बीण लांबनं बघितलीय साहेब, मेंढरं नेताना,” हौसाबाई म्हणाल्या. “आत आमाला कोन घेतंय?”

ठेकेदार आधी हसला. मग मॅनेजरकडे पाहून गप्प झाला. मला हसू आणि रडू दोन्ही आलं. साहेबांनी पान मागे उलटलं.

“आणि पहिला मुद्दा. ‘मी सदर पॅकहाऊसमध्ये ठेकेदारामार्फत ग्रेडिंग मशीनवर काम करत आहे.’ वकीलसाहेब, आत्ताच म्हणालात ना, बाई तुमच्याकडे कधी नव्हतीच?”

वकील म्हणाले, टायपिंगची चूक दिसते.

“कुठली? पहिली की पाचवी?”

पुढची तारीख पडली. उठता उठता साहेब म्हणाले, की सहलीचं नसतं, अगदी बरोबर लिहिलेलं असतं, तरी या कागदाला काही अर्थ नव्हता. असा हक्क लिहून घेता येत नाही. वकिलांनी मान डोलावली. मॅनेजरनेही डोलावली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. रद्दी आहे हे ठाऊक असूनच ते दर हंगामाला टेम्पो भरून बायका आणत होते, कारण कायद्यात कागद चालत नसला तरी बाईवर चालतो. तिला वाटतं आपण लिहून दिलंय. ती तक्रारीला येतच नाही.

आणि मला? मला तर आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. गुलाबी कागदावर.

तारखेच्या चार दिवस आधी मॅनेजर दुकानात आले. दिलीपभाऊंनी खुर्ची पुसून दिली. मॅनेजरनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “ताई, एवढं टाइप करून द्या. तुमच्या नावाने.”

मजकूर असा होता, की सदर हमीपत्र टायपिंग सेंटरच्या चुकीने तयार झाले असून त्याचा पॅकहाऊसशी संबंध नाही. टंकनातील चुकीची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.

मी ते वाचलं. तीन बोटं गेली होती. जाळी काढणारे होते, खोटं सांगणारा होता, ते लिहून घेणारा होता, हजेरीत नाव न लावणारे होते. इतक्या सगळ्यांतून शेवटी जबाबदार माणूस सापडला, आणि तो म्हणजे टाइप करणारी मुलगी.

“कुणी जेलात टाकत नाही हो,” मॅनेजर म्हणाले. “मिस्टेक झाली म्हणायचं. आम्ही समजून घेऊ.”

“वैशू, एक सही तर हाय,” दिलीपभाऊ म्हणाले. “सात वर्षं सह्याच करतोय न्हवं आपण?”

ते त्यांनी समजावण्यासाठी म्हटलं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं, कारण खरं होतं.

मी टाइप करायला बसले. मॅनेजरचं शेवटचं वाक्य मी पहिलं घेतलं. टंकनातील चुकीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. मग पुढे लिहिलं, की हे हमीपत्र मी पॅकहाऊसच्या सांगण्यावरून तयार केले. मुद्दे मॅनेजरनी पाठवले, ते माझ्या मोबाइलमध्ये आहेत. बायका पॅकहाऊसच्या टेम्पोने येत. हौसाबाईंनी मजकूर वाचून दाखवायला सांगितले होते. मी वाचून दाखवला नाही. तरीही वाचून दाखवल्याची साक्ष दिली. ही साक्ष खोटी आहे आणि ती मी दिली आहे.

‘राजीखुशीने’ हा शब्द मी त्यात पहिल्यांदाच विचार करून घातला.

दोन प्रती काढल्या. मॅनेजरना एकही दिली नाही, ‘सुनावणीला आणते’ म्हटलं आणि दोन्ही पर्समध्ये ठेवल्या. दिलीपभाऊंनी स्क्रीनवर वाचलं होतं. मॅनेजर गेल्यावर ते बराच वेळ प्रिंटरचा ट्रे उगाच आत-बाहेर करत राहिले.

“खोटं काय न्हाई ह्यात,” ते म्हणाले. “पन माझी बी सही हाय राव त्या हमीपत्रांवर. उद्यापास्नं येऊ नको.”

मी त्यांना दोष देत नाही. दिलीपभाऊंनी निदान समोर उभं राहून ‘येऊ नको’ म्हटलं. इतरांसारखं दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं नाही. आता मी जुन्नरला कोर्टाजवळ एका जिन्याखाली लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन बसते. हमीपत्रं अजूनही येतात. मी ती करते. नियम एकच, मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय प्रिंट हातात मिळत नाही. कितीतरी गिऱ्हाइकं मध्येच उठून जातात. संस्थांचे लोक तर पहिल्या परिच्छेदातच उठतात. स्वतःची भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं त्यांना सोसत नाही.

पुढच्या सुनावणीत मी माझा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, मोबाइलमधले मुद्दे पाहिले, मॅनेजरना काही प्रश्न विचारले. वकील बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. आल्यावर सूर बदलला होता. पॅकहाऊस कायद्याप्रमाणे होईल ती भरपाई द्यायला तयार आहे, म्हणाले. मसुदाही तयार होता. जबाबदार माणूस शोधायला ज्यांना महिने लागले, त्यांना हा मसुदा करायला अर्धा तास पुरला.

“पोरी, वाच,” हौसाबाई म्हणाल्या.

मी उभी राहून वाचलं. सदर इजेची कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ मानवतेच्या भूमिकेतून.

“मानवता म्हंजी?”

“म्हणजे त्यांना तुमची दया आली म्हणून.”

“आणि बोटं कुठं गेली, ते?”

“ते यात नाही.”

हौसाबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. “मंग न्हाई.”

मॅनेजर पुढे वाकले. “मावशी, जे मिळायचं ते तर सगळं मिळतंय. एका वाक्यानं काय फरक पडतो?”

“फरक पडत न्हाई तर लिवा की तुमी.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. दमले होते, घड्याळाकडे दोनदा पाहून झालं होतं. पण त्यांनी ‘मानवतेच्या’ ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. वकील म्हणाले, साहेब, यावर आमच्या पक्षकाराला... साहेब म्हणाले, नाहीतर मी निकालात लिहितो, जाळीसकट. वकील बसले.

“वाच,” हौसाबाई म्हणाल्या.

“‘हौसाबाई यांच्या उजव्या हाताची तीन बोटे पॅकहाऊसमध्ये, कामावर असताना, ग्रेडिंग मशीनमध्ये सापडून गेली.’”

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं. या वेळी हळू, प्रत्येक शब्द सुटा. मॅनेजर खिडकीबाहेर पाहत होते. ठेकेदार चपलेच्या टोकाकडे. दोघांनाही ऐकावंच लागलं.

मॅनेजरनी शाईचा पॅड उघडून पुढे सरकवला. “घ्या मावशी. अंगठा आहे ना शिल्लक, टेकवा पटकन.”

हौसाबाईंनी पॅडचं झाकण लावलं.

“मला सही येती.”

त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. धरणं जमेना, पेन टेबलावर पडलं, शेजारणीने उचलून दिलं. पहिली रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली. साहेब म्हणाले, बाई, अंगठाही चालतो, उगाच वेळ जातोय.

“जाऊ द्या की साहेब,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “माझी बोटं गेली. तुमचा येळ गेला तर काय व्हतंय?”

मग ‘ह’ काढला. मग त्यावरच्या मात्रांसाठी पेन उचललं. मॅनेजर उठायला गेले आणि साहेबांनी हातानेच त्यांना खाली बसवलं. पूर्ण नाव होईपर्यंत सगळे बसून राहिले.